पेरिगोरमधील ग्रामीण ओबेर्झ आणि तिचे स्वतःचे शार्क्युतरीचे दुकान: जेवताना काय मागवावे, काय विचारावे?

मुळाकाठ यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. येत्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी, माझी पत्नी आणि माझे आईवडील असे चौघे नैऋत्य फ्रान्समधील पेरिगोर भागात मुक्कामाला असू. लास्कोच्या गुहाचित्रांची प्रतिकृती, सार्ला हे जुने दगडी गाव आणि दोर्दोन्य नदीकाठचे किल्ले पाहण्याचा बेत पक्का झाला आहे; प्रश्न आहे तो जेवणाचा. आम्ही ज्या घरात उतरणार आहोत, त्या घरच्या मालकीणबाईंनी जवळच्या खेड्यातील एका ओबेर्झची, म्हणजे कुटुंबाने चालवलेल्या खानावळवजा उपाहारगृहाची, आवर्जून शिफारस केली आहे. रस्त्याच्या बाजूला त्याच कुटुंबाचे शार्क्युतरीचे, म्हणजे मांसाच्या तयार पदार्थांचे, दुकान असून तेथे तेरीन आणि पाते (वाटलेल्या मांसाचे शिजवून केलेले पदार्थ), बदकाच्या मांसाच्या बरण्या आणि तयार सॅलड विकतात, आणि मागच्या दालनात व अंगणात जेवणाची व्यवस्था आहे. माणसे फार अगत्यशील आहेत, मात्र भूक ठेवून जा, एवढेच त्यांनी सांगितले.

आमची अडचण अशी की आई पूर्ण शाकाहारी असून अंडेही खात नाही. वडील कोंबडी, मटण, मासे खातात, परंतु गोमांस आणि डुकराचे मांस त्यांना चालत नाही. आम्हा दोघांना कशाचेही वावडे नाही. अशा ठिकाणी आईला नेणे योग्य होईल का? ठरलेल्या थाळीतून पदार्थ बदलून मागता येतात का? दुकानातून काय घ्यावे, आणि ते घरचेच आहे की बाहेरून आणून ठेवले आहे हे कसे ओळखावे? आम्हा कोणालाही फ्रेंच येत नाही, त्यामुळे जेवणाच्या रीतीभातींबद्दल कोणी लिहिले तर उपकार होतील.

गारोनकाठ यांचे उत्तर

मी बरीच वर्षे तुलूझमध्ये राहतो. येथील विमान कारखान्यांमुळे आपली मंडळी या शहरात पुष्कळ आहेत, आणि पुण्यामुंबईहून पाहुणे आले की सार्लाची फेरी ठरलेलीच असते. त्यामुळे तुम्ही वर्णन केलेल्या प्रकारच्या जागांचा मला चांगला परिचय आहे. जरूर जा. आईंनाही न्या, पण आधी दूरध्वनी केल्याशिवाय जाऊ नका.

पेरिगोरमध्ये दुकान आणि उपाहारगृह एकाच छताखाली का असते, हे समजून घेतले तर पुढचे सारे सोपे जाते. हा बदकांचा प्रदेश आहे. पूर्वी येथे हंस अधिक पाळत, आता बहुतेक ठिकाणी बदके असतात. पोसलेले बदक कापले की त्याचे यकृत, छातीचे मांस, मांड्या, पोटा, मान आणि चरबी यांपैकी काहीही वाया जाऊ दिले जात नाही. मांड्या रात्रभर मिठात ठेवून नंतर बदकाच्याच चरबीत मंद आचेवर काही तास शिजवतात आणि त्याच चरबीत बुडवून साठवतात, हीच कोंफी. बंद बरणी उकळून अन्न टिकवण्याची निकोला आपेर यांची पद्धत १८१० मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि तिचा पुढे प्रसार झाला, तेव्हापासून मातीच्या रांजणांची जागा काचेच्या बरण्यांनी आणि डब्यांनी घेतली. म्हणजे आपल्याकडे जशी उन्हाळ्यात वर्षाची साठवण होते, तशी येथे ती हिवाळ्यात होत असे, आणि ओबेर्झचे स्वयंपाकघर त्या साठवणीवर वर्षभर चालत असे. दुकान हे त्या कोठाराचे रस्त्याकडे उघडणारे दार समजा. म्हणूनच कोंफी बरणीतून काढून कातडीच्या बाजूने कुरकुरीत परतून ताटात वाढली, तर ती शिळी आहे असा ग्रह करून घेऊ नये. तो पदार्थ मुळातच साठवणीचा आहे.

यावरून माझी पहिली सूचना अशी की जेवणाच्या वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचा आणि प्रथम दुकानात जा. आत शिरताच मोठ्याने ‘बोंझूर’ म्हणा. हे केवळ शिष्टाचाराचे नाही. अभिवादन न करता थेट मागणी करणारा माणूस येथे उद्धट समजला जातो, आणि आपल्याकडील कितीतरी पाहुणे फ्रेंच लोक तुसडे असल्याची तक्रार करतात तिचे मूळ या एका शब्दात असते. मग काचेच्या कपाटातील पदार्थ पाहा. त्या दिवशी ताजे काय आहे, कोणती तेरीन नुकतीच कापायला घेतली आहे, सेप जातीच्या रानअळंब्या आल्या आहेत का, हे सारे तेथे उघड दिसते. जेवणाच्या मेजावर मिळणाऱ्या छापील कागदापेक्षा हे कपाट अधिक विश्वासार्ह आहे, असे माझे मत आहे. काय हवे ते बोटाने दाखवले तरी चालते, त्यामुळे भाषेची अडचण निम्मी होते.

आता थाळीविषयी. फ्रान्समध्ये ‘मेन्यू’ म्हणजे ठरलेल्या किमतीचे, क्रमाने येणारे पूर्ण जेवण, आणि स्वतंत्र पदार्थांच्या यादीला ‘कार्त’ म्हणतात. दुपारी बहुधा ‘फोर्म्यूल’ नावाचे दोन किंवा तीन पदार्थांचे स्वस्त जेवणही असते. पेरिगोरचा नेहमीचा क्रम असा: सुरुवातीला तुरां नावाचे लसणाचे सूप, मग फ्वा ग्राचा, म्हणजे मुद्दाम पोसलेल्या बदकाच्या यकृताचा, तुकडा किंवा पेरिगोरचे सॅलड, ज्यात हिरव्या पानांवर कोमट जेझिए, म्हणजे बदकाचा पोटा, आणि अक्रोड असतात, मग कोंफी किंवा माग्रे, सोबत बदकाच्या चरबीत लसूण आणि पार्स्लीबरोबर परतलेले बटाटे, ज्यांना सार्लाच्या नावाने ओळखतात, मग काबेकू हे बकरीच्या दुधाचे लहान चपटे चीज, आणि शेवटी अक्रोडाचा केक. एवढे सगळे एका बैठकीत संपवणे आपल्याला जड जाते. पत्नी आणि तुम्ही दोघांनी एक पूर्ण मेन्यू आणि एक नुसता मुख्य पदार्थ मागवला तर कोणी नाक मुरडत नाही. मात्र चौघांत एकच थाळी वाटून घेणे बरे दिसत नाही.

माग्रे म्हणजे फ्वा ग्रासाठी पोसलेल्या बदकाच्या छातीचे मांस. ते जाड कातडीसकट भाजतात आणि आतून गुलाबी ठेवतात. मांसाचा हा भाग पूर्वी कोंफीतच जात असे. तो बीफस्टेकप्रमाणे भाजून वाढण्याची कल्पना १९५० च्या दशकाच्या अखेरीस ओश गावचे स्वयंपाकी आंद्रे दागें यांनी रुजवली, असे मानले जाते. वडिलांना लालसर मांस चालत नसेल तर ‘ब्यां क्वी’, म्हणजे नीट शिजवलेले, असे सांगावे. परंतु नीट शिजवलेली माग्रे चिवट होते, त्यांच्यासाठी कोंफी कितीतरी चांगली.

वेळ पाळा. दुपारचे जेवण १२ ते २ आणि रात्रीचे साधारण ७ ते ९ एवढ्याच वेळात मिळते. दुपारी अडीचला पोहोचलात तर यजमान कितीही अगत्यशील असले तरी चूल विझलेली असते. रविवारची संध्याकाळ आणि सोमवार या वेळी खेड्यांतील बरीच उपाहारगृहे बंद असतात, आणि ऑक्टोबरमध्ये पर्यटकांचा हंगाम संपत आल्याने सुट्ट्या वाढतात, म्हणून चौकशी करून जागा राखून ठेवावी. रविवारी दुपारी मात्र जमल्यास नक्की जा. आसपासची कुटुंबे आजीआजोबांपासून नातवंडांपर्यंत तीन तास मेजाभोवती बसलेली असतात, आणि परक्या माणसाची विचारपूसही त्याच दिवशी सर्वांत जास्त होते.

पाणी विकत घेण्याची गरज नाही. ‘युन काराफ दो’ म्हटले की साध्या पाण्याची सुरई येते, आणि तिचे पैसे लागत नाहीत. पावाचेही लागत नाहीत. वाइन घेतली नाही तरी कोणी काही म्हणत नाही. घेणार असाल तर बेर्झराक किंवा काओरची लाल वाइन या जेवणाला जुळते, आणि मोंबाझियाकची गोड पांढरी वाइन पेलाभर घेऊन पाहावी. बिलात सेवेचे शुल्क कायद्यानेच धरलेले असते, त्यामुळे टिप ऐच्छिक. दोनचार युरो ठेवले तर आनंद होतो, इतकेच. आणि शेजारच्या मेजावरील एखाद्या आजोबांनी सूप संपत आल्यावर वाटीतच लाल वाइन ओतून वाटी तोंडाला लावली तर दचकू नका. या चालीला शाब्रो म्हणतात आणि ती जुन्या पिढीत अजून टिकून आहे.

शाकंभरी यांचे उत्तर

गारोनकाठ यांनी सर्व व्यवस्थित लिहिले आहे, पण त्यातील जवळजवळ काहीही आईंना चालणार नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. मी जन्माने शाकाहारी आहे आणि लिआँ शहरात, म्हणजे डुकराच्या मांसासाठी प्रसिद्ध असलेल्या शहरात, नोकरी करते. तेव्हा हा विषय माझ्या रोजच्या जेवणाचा आहे.

तुरां सुपात बहुधा हंसाची किंवा बदकाची चरबी असते आणि ते दाट करण्यासाठी अंडे घालतात. सार्लाचे बटाटे चरबीत परतलेले असतात. हिरव्या सॅलडवर लार्दों, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, न सांगता टाकले जातात, आणि अनेक स्वयंपाकी त्यांना मांस म्हणून मोजतच नाहीत. अक्रोडाच्या केकमध्ये अंडी असतात. शाकाहारी माणसासाठी म्हणून जे पहिल्यांदा सुचवले जाते ते सेप अळंब्यांचे ऑम्लेट असते, आणि तेही आईंच्या उपयोगाचे नाही. म्हणून ‘मी शाकाहारी आहे’ एवढेच सांगून भागत नाही. आदल्या दिवशी मालकीणबाईंकडूनच दूरध्वनी करवून घ्या आणि त्यांना कागदावर असे लिहून द्या: मांस नाही, मासे नाहीत, लार्दों नाहीत, मांसाचा रस्सा नाही, बदकाची चरबी नाही, अंडी नाहीत, दूध, लोणी, चीज, डाळी, भाज्या, फळे चालतील. काय चालणार नाही यापेक्षा काय चालेल ही यादी स्वयंपाक करणाऱ्याला जास्त उपयोगी पडते. तुम्ही अचानक दारात उभे राहून हे सांगितलेत तर त्याला पर्याय सुचणार नाही, आणि वेळ दिलीत तर बहुतेक जण मनापासून करतात.

तुमच्या निवडीतील सोयीची गोष्ट म्हणजे ते दुकान. फ्रान्समधील शार्क्युतरी बहुधा ‘त्रेतर’ही असते, म्हणजे तयार अन्न वजनावर विकते. त्या कपाटात तेरीनच्या शेजारी किसलेल्या गाजराचे लिंबू किंवा व्हिनेगर घातलेले सॅलड, बीटाचे सॅलड, ताबुले, मसूरडाळीच्या जातीच्या हिरव्या डाळीचे सॅलड असे बरेच काही असते. सेलरीच्या कंदाच्या सॅलडला मेयोनेजसारखे सॉस असते, त्यात अंडे येते, ते टाळा. डाळीच्या सॅलडमध्ये लार्दों आहेत का ते विचारा. यांतील दोनतीन प्रकार, लोण्यात परतलेले बटाटे, ऑक्टोबरमध्ये मिळणारे ताजे अक्रोड, अक्रोडाचे तेल घातलेली हिरवी पाने आणि भाजलेल्या पावावर गरम केलेले काबेकू, एवढ्यात उत्तम जेवण होते, आणि मेजावरील इतरांना त्याचा हेवा वाटेल असे होते. अक्रोडाचे तेल पेरिगोरची खासियत आहे; आई ते चाखल्याशिवाय परत येता कामा नयेत.

चीजबद्दल एक सूचना. रोकामादूर आणि येथील इतर बरीच पारंपरिक चीज कोकराच्या, करडाच्या किंवा वासराच्या जठरातील रेनेटने विरजतात. काही शाकाहारी मंडळी हे मानत नाहीत, काही कटाक्षाने पाळतात. आईंना आधी विचारून ठेवा. मेजावर बसल्यावर हा विषय निघाला तर जेवणाचा विचका होतो. गोडासाठी पेरिगोरच्या स्ट्रॉबेरी ऑक्टोबरात संपत आलेल्या असतात, पण मिळाल्या तर ताज्या मलईबरोबर मागवा. मूस आणि तत्सम थरथरणाऱ्या गोड पदार्थांत जिलेटिन असू शकते.

भांडारगृह यांचे उत्तर

मी हॉटेल व्यवस्थापन शिकून काही काळ युरोपात मांसप्रक्रियेच्या स्वयंपाकघरांत काम केले आहे, म्हणून ‘घरचे की बाहेरचे’ या प्रश्नापुरतेच लिहितो. हा प्रश्न फार योग्य विचारला आहे.

फ्रान्समध्ये २०१४ पासून ‘फे मेझों’, म्हणजे येथेच तयार केलेले, असे एक अधिकृत चिन्ह आहे: छपरासारखे झाकण असलेली कढई. त्याचा अर्थ पदार्थ त्याच जागी कच्च्या मालापासून केला, असा. मात्र या नियमाला अपवादांची यादी आहे. पाव, चीज, खारवलेले मांस आणि शार्क्युतरीचे पदार्थ बाहेरून आणून वापरले तरी थाळीवर ते चिन्ह लावता येते. त्या अपवादालाही अपवाद आहे: तेरीन आणि पाते. ती बाहेरून आणली असतील तर चिन्ह लावता येत नाही. तेव्हा चिन्ह असलेल्या थाळीतील हॅम दुसऱ्याचे असू शकते, पण तेरीन त्या घरचीच असली पाहिजे. ज्यांच्याकडे स्वतःचे शार्क्युतरीचे दुकान आहे, त्यांच्याबाबत हे चिन्ह म्हणूनच बऱ्यापैकी अर्थपूर्ण ठरते.

दुकानात काही खुणा पाहाव्यात. घरची तेरीन बहुधा ज्या मातीच्या किंवा चिनीमातीच्या भांड्यात भाजली, त्याच भांड्यात ठेवलेली असते आणि तिच्यातूनच काप काढून देतात. वर चरबीचा थर आणि कडेला गोठलेला रस दिसतो. सर्व काप एकाच मापाचे, कडा यंत्राने कापल्यासारख्या आणि रंग एकसारखा गुलाबी असेल तर ती लादी कारखान्यातून आली असण्याचा संभव आहे. बरण्यांवर लंबगोल शिक्का असेल तर त्यात एफआर या अक्षरांनंतर येणारे दोन आकडे त्या जिल्ह्याचे असतात जेथे माल तयार झाला. दोर्दोन्यचा आकडा २४ आहे. दुकानावर खेड्याचे नाव आणि शिक्क्यावर दूरच्या जिल्ह्याचा आकडा असेल, तर काय ते समजून घ्यावे. मात्र आपल्याच दुकानातून थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्या लहान व्यावसायिकाला हा शिक्का घेणे बंधनकारक नसते, म्हणून तो नाही याचा अर्थ काही काळेबेरे आहे असा काढू नये. सरळ विचारावे. आपल्या हाताने केलेल्या मालाबद्दल बोलायला या धंद्यातील माणसाला मनापासून आवडते. तुम्ही तेरीनबद्दल दोन प्रश्न विचारले की तो चाखायला तुकडा देईल आणि मग तुमची सुटका लवकर होणार नाही. पॅरिसच्या शार्क्युतिए लोकांना राजाकडून स्वतंत्र व्यवसायाची सनद १४७६ मध्ये मिळाली, आणि त्या परंपरेचा अभिमान खेड्यातील दुकानदारालाही असतो.

वडिलांसाठी विशेष सावधगिरी घ्यावी लागेल. ‘बदकाचे पाते’ असे लिहिले म्हणजे त्यात केवळ बदकच आहे असे नव्हे. मऊपणा यावा म्हणून डुकराच्या गळ्याचे मांस आणि चरबी मिसळण्याची पद्धत सर्वत्र आहे. बदकाची रियेत, म्हणजे चरबीत शिजवून दोरे काढलेले मांस, शुद्ध बदकाचीही असते आणि मिश्रही असते. बरणीवरील घटकांच्या यादीत ‘पोर’ हा शब्द शोधावा. भरलेली मान, जिला कू फार्सी म्हणतात, तिच्यात तर बहुतेक वेळा डुकराचेच सारण असते. काही गावठी पातेंच्या कडेचे आवरणही डुकराच्या चरबीच्या जाळीचे असते. दुसरा आडमार्गाने येणारा घटक म्हणजे वासराच्या हाडांचा अर्क, ‘फों द वो’. फ्रेंच स्वयंपाकघरात गडद रंगाचे सॉस बहुधा त्यावरच उभे राहते, आणि ते बदकाच्या ताटातही येते. गोमांस पूर्णपणे वर्ज्य असेल तर माग्रे सॉसविना मागवावी. साधी कोंफी, म्हणजे बदकाची मांडी, मीठ आणि बदकाची चरबी, हा या साऱ्यातील सर्वांत निर्धोक पर्याय आहे. तेरीनमध्ये कोन्याक किंवा आर्मान्याक घालतात, हेही ज्यांना मद्य चालत नाही त्यांनी लक्षात घ्यावे.

‘त्रुफ’ या शब्दाने हुरळून जाऊ नये, असेही सुचवतो. पेरिगोरच्या नावाने जगभर ओळखली जाणारी काळी त्रुफ, ही जमिनीखाली वाढणारी बुरशी, डिसेंबर ते मार्च या काळात तयार होते. ऑक्टोबरमध्ये ताज्या काळ्या त्रुफेच्या नावाने जादा पैसे मागितले तर ती बरणीतील आहे, दुसऱ्या जातीची आहे, की नुसता कृत्रिम सुवास आहे, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

प्रकृतीच्या दृष्टीनेही एक वाक्य लिहितो. फ्रान्सच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२२ मध्ये नायट्राइटयुक्त मांस आणि आतड्याचा कर्करोग यांतील संबंध मान्य करून शार्क्युतरी आठवड्याला १५० ग्रॅमपेक्षा अधिक खाऊ नये, असा सल्ला दिला आहे. सहलीत एखादी मेजवानी झाली तर बिघडत नाही, परंतु रोज सकाळी पावावर हॅम आणि रात्री तेरीन असे आठवडाभर करू नये.

काजवा यांचे उत्तर

फ्वा ग्राबद्दल वर सर्वांनी इतक्या सहजतेने लिहिले आहे की निदान एकदा त्याची दुसरी बाजू मांडली जावी. या बदकांना शेवटचे सुमारे १० ते १२ दिवस घशात नळी घालून मका भरवतात, जेणेकरून यकृत कित्येक पटींनी फुगते. या पद्धतीने उत्पादन करण्यास ब्रिटन, जर्मनी, इटली, पोलंड अशा अनेक देशांत बंदी आहे. फ्रान्सने याउलट २००६ मध्ये फ्वा ग्राला आपल्या सांस्कृतिक आणि पाकपरंपरेच्या संरक्षित वारशाचा भाग म्हणून कायद्यात स्थान दिले. कोणी काय खावे हे मी सांगणार नाही. पण ज्यांना हे पटत नाही ते फ्वा ग्रा टाळून माग्रे मागवतात, आणि माग्रे त्याच बदकाची असते. या भागातील कोंफी आणि जेझिए यांचेही बहुधा तेच. टाळायचेच असेल तर विचारपूर्वक टाळावे. तशा पाहुण्यांसाठी या प्रदेशात भाजलेली कोंबडी, नदीतील मासे आणि शरद ऋतूतील अळंब्या यांची कमतरता नाही.

गारोनकाठ यांचे उत्तर

काजवा यांचा माग्रेविषयीचा मुद्दा बिनतोड आहे. माझे मत त्यांच्यापेक्षा वेगळे आहे, कारण लहान शेतकऱ्यांकडे पक्षी आधी मोकळ्या कुरणात वाढतात हे मी पाहिले आहे, आणि माझ्या मते मोठ्या बंदिस्त कारखान्यांशी त्यांची बरोबरी करू नये. तथापि नळीची गोष्ट दोन्हीकडे सारखीच असते, हे नाकारता येत नाही. आसपासच्या अनेक शेतांवर बदके पाहू देतात. ज्यांना ठरवायचे आहे त्यांनी जेवणाआधी तेथे जाऊन स्वतः पाहावे.

मुळाकाठ यांचा पुढील प्रश्न

सर्वांचे आभार. शाकंभरी यांनी दिलेली यादी मालकीणबाईंना पाठवली. त्यांनी आजच दूरध्वनी केला, आणि ओबेर्झमधून आईसाठी भोपळ्याचे सूप भाज्यांच्या पाण्यात करू, असा निरोप आला आहे. एकच शंका राहिली. पुण्यातील मित्रांसाठी फ्वा ग्रा आणि कोंफीच्या बरण्या आणता येतील का? आणि फ्वा ग्राचे जे अनेक प्रकार दिसतात त्यांत फरक काय?

भांडारगृह यांचे उत्तर

भारतात आणू नका. फ्वा ग्राच्या आयातीवर भारत सरकारने २०१४ मध्ये बंदी घातली आहे, आणि इतर मांसजन्य पदार्थांसाठीही आरोग्यविषयक आयात परवाना लागतो, जो प्रवाशाकडे अर्थातच नसतो. विमानतळावर बरण्या जप्त झाल्या तर पैसेही जातील आणि मनस्तापही होईल. मित्रांसाठी अक्रोडाचे तेल घ्या. ते मात्र हातातील पिशवीत न ठेवता सोडायच्या सामानात कपड्यांत नीट गुंडाळून ठेवा, आणि घरी पोहोचल्यावर उघडलेली बाटली थंड जागी ठेवा, कारण हे तेल लवकर खवट होते. ते तापवूही नये, कोशिंबिरीवर वरून घालावे.

तिथेच खाण्यासाठी फ्वा ग्रा घेणार असाल तर बरणीवरील शब्द असे वाचावेत. ‘आंतिए’ लिहिले असेल तर त्यात यकृताचा अखंड भाग असतो. नुसते ‘फ्वा ग्रा’ लिहिले असेल तर वेगवेगळ्या यकृतांचे तुकडे एकत्र दाबलेले असतात. ‘ब्लॉक’ म्हणजे घोटून एकजीव केलेले, आणि ते सर्वांत स्वस्त. ‘मी-क्वी’ हे अर्धवट शिजवलेले असते आणि शीतकपाटातच टिकते. चव त्याचीच सर्वांत नाजूक, पण दिवसभर गाडीत घेऊन हिंडण्यासारखे ते नव्हे. पूर्ण उकळून बंद केलेली बरणी बाहेर कित्येक महिने राहते.

माझा सल्ला असा की दोघांसाठी मिळून तेरीनचा एक पातळ काप आणि रियेतची एक लहान बरणी घ्या, सोबत गावातील पाव आणि आंबट काकड्या असू द्या, आणि दुसऱ्या दिवशी नदीकाठी दुपारच्या जेवणाला ती संपवा. काप मागताना दुकानदार सुरी तेरीनवर धरून जाडी विचारतो. सुरी उजवीडावीकडे सरकवायला हाताने खुणावले की पुरते. आईंसाठी त्याच कपाटातून गाजराचे सॅलड आणि काबेकू बांधून घ्यायला विसरू नका. दुकान दुपारी १२:३० च्या सुमारास बंद होऊन संध्याकाळी पुन्हा उघडते, तेव्हा ही खरेदी जेवायला बसण्यापूर्वीच आटपा आणि पिशवी त्यांच्याच शीतकपाटात ठेवायला सांगा; निघताना ती हातात देतात.